धाकटीची खोली

आम्ही घराचंच हॉटेल केलं. सहाच खोल्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. एकीचं दार खांद्याने ढकलावं लागतं, एकीत खिडकीला डोकं लावून झोपायचं. लेक म्हणतो, मोठ्या हॉटेलांतल्या खोल्या सगळ्या सारख्या, आपल्याकडे लोक घर बघायला येतात. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलंय. पण येतात, वाकड्या कडीचेसुद्धा फोटो काढतात. म्हटलं, काढा बापडे.

सहावी खोली माझ्या धाकट्या जावेची. नवऱ्यामागे ती तिथेच राहिली, तिथेच शिवणकाम केलं. लेकीच्या बाळंतपणाला गेली, मुक्काम लांबला. बंद ठेवून काय करायची, म्हणून खोली पाहुण्यांना दिली. तिचं मशीन, कात्री, खिळ्याला टांगलेली बाह्यांची कागदी मापं, सगळं होतं तसंच ठेवलं. आता सगळ्यांना तीच खोली हवी असते. तिला विचारलं का? कळवू, कळवू म्हणता राहून गेलं.

गेल्या आठवड्यात ती परत आली. खोलीत पाहुणे, म्हणून तिला कोठीशेजारी खाट टाकून दिली. तिने पिशवी खाटेखाली सारली. सकाळी पदर खोचून स्वयंपाकघरात हजर.

खोल्यांच्या गोष्टी पाहुण्यांना मीच सांगते. सहावीत एक मास्तर आणि त्यांची बायको उतरली होती. बाईंनी मशीनवरून हात फिरवत विचारलं, "हे कोणाचं हो?"

"माझ्या जावेचं. फार गुणाची. शिवता शिवताच प्राण गेला बिचारीचा."

असं मी आधीही बऱ्याच जणांना सांगितलंय. मेलेल्या माणसाची खोली म्हटली की लोक हळू आवाजात बोलतात, वस्तू जपतात. जिभेला हाड नसतं, माझ्या तर कधीच नव्हतं.

मागे कप वाजले. दारात धाकटी, हातात चहाचा ट्रे.

बाईंचे डोळे भरून आले होते. तिलाच म्हणाल्या, "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"चांगलीच. चहा गोड लागायचा तिला. तुम्हाला साखर किती?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोठीपाशी गेले तर ती पिशवी भरत होती.

"अगं, धंद्यात बोलावं लागतं काहीबाही."

"बोला की! पण जाऊबाई, मारायचंच होतं तर आधी चार दिवस आजारी तरी पाडायचं. शिवता शिवता मरतं का कोणी?" हसलीसुद्धा मेली. मग म्हणाली, "लेकीकडे जाते. तिथे अजून जिवंत आहे मी."

मी सासूपुढेही कधी वाकले नव्हते. तशीच सहावीत गेले. "बाई, मी खोटं बोलले. आत्ता चहा दिला ना, तीच ती. खोली तिची आहे. तुम्हाला पुढची देते."

मास्तर लाजेने लाल. बॅग आवरायला लागले. लेक धावत आला, "आई, हे काय चालवलंयस?"

"पाच खोल्यांचं हॉटेल. गप बस."

धाकटीला हात धरून आणली. तिने मशीनचं चाक फिरवलं, कुरकुरलं. "तेल नाही घातलं कोणी," एवढंच म्हणाली. "चुकले गं," म्हणायचं होतं, त्याऐवजी मी किल्ली पुढे केली.

ती घेऊनही तिचा तळवा पसरलेलाच.

"दुसरी?"

त्याच खोलीची दुसरी किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात. या घरातली एकही किल्ली मी आजवर कोणाला काढून दिली नव्हती. जुडग्यातून ती निघता निघेना. धाकटीने मदत केली नाही. निघाल्यावर घेतली आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, तरी मी तिथेच उभी.