गुऱ्हाळाची वाफ

गेणबाला मिजास होती, आणि ती का नसावी? केडगावच्या शिवारात खोकल्यावरचा इलाज त्याच्यासारखा कुणाला ठाऊक नव्हता, मग तो मेंढराचा असो की लेकराचा. मेंढरं विकून शेती धरली, पाचच उरली, तरी लोक पोरं कडेवर घेऊन त्याच्याच दारात यायचे. औषध एकच. सकाळी गुऱ्हाळावर न्यायचं, रस उकळत असलेल्या काहिलीपाशी उभं करायचं आणि गोड वाफ छातीत भरून घ्यायला सांगायचं. त्याच्या आईनं त्याला तसंच बरं केलं होतं.

पण घरचीच नात, आठ वर्षांची प्रगती, काही बरी होईना. मेंढरांना बोलवायची आरोळी त्यानं तिला शिकवली होती, पार कॅनॉलपल्याड पोचणारी. पोर तोंड उघडायची आणि अर्ध्यातच खोकून वाकायची. गेणबाचा जीव तीळतीळ तुटायचा. मग तो तिला वाफेत आणखी थोडा वेळ उभं करायचा.

सून धनश्री गावची आशाताई. एका सांजेला तिनं सासऱ्यापुढं गावाचा नकाशा पसरला. ज्या घरात लेकराला दम्याचा पंप लागला, तिथं तिनं मेंढरं रंगवायच्या गेरूचा ठिपका दिला होता. चार सोडले तर ठिपके सगळे गुऱ्हाळाचा धूर वाऱ्यानं जातो त्या अंगाला.

"आन् ही लांबची चार घरं?" गेणबानं विचारलं.

धनश्रीनं मान खाली घातली. "ती तुम्ही वाफंला नेलेली पोरं, मामा. तुमच्या येळंला काहिलीखालच्या चुलवणात उसाचं चिपाड जळायचं. आता शहरातनं प्लास्टिकचं भंगार येतंय, फाटक्या चपला येत्यात. वाफ गोडच हाय, पर तिच्यासंगं त्यो धूरबी छातीत जातुया."

त्या सांजेला गेणबा जेवला नाही.

ग्रामसभेत धनश्री नकाशा घेऊन उभी राहिली, तसा गुऱ्हाळाचा मालक हौसराव हसला. "सूनबाई, खोकला काय आजचा हाय व्हय? तुझ्या सासऱ्यालाच इचार की."

सगळ्या माना गेणबाकडं वळल्या. इतक्या वर्षांचा मान एका शब्दावर होता. गेणबा उठला.

"हौसरावआप्पा, चूक माझी हाय. नातीला म्या माझ्या हातानं धुरात उभं केलं. सून म्हणती ते खरं हाय. उद्यापासनं म्या चुलवणापुढं बसणार. चिपाडाबिगर आत काय जातंय, बघतोच."

हौसराव बोलायला गेला, पण त्याची नजर नकाशावर अडकली. त्याच्या घरावरही ठिपका होता, नातवाचा, आयुषचा. तो खाली बसला.

गेणबा खरंच बसला. अख्खा हंगाम, चुलवणाच्या तोंडाशी. भंगाराचा टेम्पो दोनदा आला आणि दोनदा भरलेला परत गेला.

शिमग्याच्या सुमारास प्रगती बांधावर उभी राहिली. पंप अजून दप्तरात होता. तिनं छाती भरून घेतली आणि आरोळी दिली, न थांबता, शेवटपर्यंत. कॅनॉलपल्याड चरणाऱ्या पाचही मेंढरांनी माना वर केल्या. गेणबानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी वाडीवरची रंभा खोकणारं लेकरू घेऊन आली. "आबा, जरा बघता का?"

गेणबानं मिशीवरून हात फिरवला. मिजास होती तिथंच होती.

"मला काय कळतंय? आत जा. खोकल्यातलं जाणतं माणूस माझी सून हाय."