थोरली, धाकटी आणि गोंगाट

"धाकटी गेली, बाई."

चंपतरावांनी स्पीकरला लावलेला कान काढला. डॉक्टर शामलाबाईंनी स्क्रू फिरवून बेडकाच्या मेंदूतली बारीक तार पुढे सरकवली. मेलेल्या पेशीसाठी कोण थांबणार?

नागपूरची एक प्रयोगशाळा, १९७९. एकाच तारेतून दोन पेशींचे विजेचे ठोके मिसळून स्पीकरवर येत. ऐकून त्यांचे वेगळे ढीग लावणं हे चंपतरावांचं काम. मोठ्या ठोक्याची थोरली, लहान ठोक्याची धाकटी. दोघी जावा. नावं त्यांनीच ठेवलेली. उरला तो गोंगाट. बाहेरगावचे प्रोफेसर आले की त्यांना चंपतरावांचा कान दाखवला जाई.

त्या दिवसाचेही असेच ढीग करता येतील.

मोठा ठोका

दुपारी यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या ठोक्यांची फिल्म धुऊन आली. शामलाबाईंनी ती खिडकीशी धरली.

"चंपतराव, तार हलवली तिथपर्यंत धाकटी आहे."

"मंग मी कायले म्हनलो, गेली?"

"तेच विचारून राहिले मी."

त्यांनी फिल्म हातात घेतली. लहान ठोके, एकामागे एक, शेवटपर्यंत.

"थे बोलूनच राहिली होती, बाई. मलेच आयकू नाई आलं."

लहान ठोका

घरी प्रेमिला चुलीपासून ओरडली, "अवो, कवाची आवाज देऊन राहिली! भयरे झाले का तुमी?"

"हो."

बायको हसली. टोमणा रोजचाच होता, उत्तर तेवढं नवं.

गोंगाट

"कानवाल्याचाच कान गेला गा!" शिपाई नत्थू चहाच्या टपरीवर सांगत होता. आता स्टोरात बदली. नाहीतर बेडूक धुवायला. कोणी म्हणालं, पहिल्यापासून अंदाजेच सांगत असेल.

कोणत्याच ढिगात नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपतराव प्रयोगशाळेच्या दारातच थांबले.

"स्टोरात जाऊ का, बाई?"

"पडदा दिसते का?"

"दिसते."

"मग बसा. तार मी सांभाळते. तुम्ही बघून सांगा."

ते स्टुलावर बसले. नवा बेडूक, तीच तार. स्पीकर खरखरू लागला.

"हा बंद करा," चंपतराव म्हणाले. "आयकू आल्यावानी वाटते, अन् मानूस फसते."

शामलाबाईंनी बटण फिरवलं. खोली एकदम गप्प झाली. पडद्यावरची हिरवी रेघ थरथरली, मग उंच उसळली.

"थोरली."

पुन्हा उसळली.

"थोरली."

मग रेघेवर एक छोटं टोक आलं आणि गेलं. चंपतराव पडद्याकडे थोडे वाकले. नाव घेतलं नाही. अगदी हळू, जीभ टाळूला लावून, त्यांनी तिचा आवाज तोंडानेच काढला.