उकंडरावाचा भुऱ्या आणि हिरीबाईची ओढणी

रिठदच्या उकंडराव पाटलाला चोरांची फार धास्ती. गावात ती पुष्कळ घरांना होती, आणि चोर कुठून येणार हेही सगळ्यांचं आधीच ठरलेलं असे: बंजाऱ्यांच्या तांड्यावरून. काही हरवलं, की शोधायची तसदी कोण घेतो? तांड्याकडे बोट दाखवलं की काम भागलं. बंजाऱ्यांसारख्या जमातींच्या माणसाला जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा सरकारनं बावन्न सालीच मोडीत काढला होता. पण मंडळी, कागदावरून गेलेलं मनातून थोडंच जातं?

चोपन्न सालच्या पोळ्यानंतर उकंडरावानं अकोल्याहून एक पिल्लू आणलं. बदली झालेल्या एका जंगलखात्याच्या साहेबाकडे मॅस्टिफ जातीची कुत्री व्याली होती. पिल्लू दोन महिन्यांचं, पण हाडापेरानं थोराड, कपाळावर आठ्या, रंग भुरा. नाव पडलं भुऱ्या. साहेबानं निघताना बजावलं होतं, "याला माणसांत फिरवा, चार जणांच्या हातून खाऊ घाला. मोठं होणारं जनावर आहे, त्याला माणसांची सवय हवी." उकंडरावानं मान हलवली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं.

"सगळ्याइच्या हातचं खाईन तो कुत्रा कायचा? तो त बकरी झाला," तो म्हणाला.

भुऱ्याला त्यानं गोठ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत बांधलं. तिथं दुसऱ्या कोणी जायचं नाही, भाकरी फक्त मालकाच्या हातची. मग त्यानं बाजारातून बंजारा बाईची एक जुनी ओढणी आणली, आरसे आणि कवड्या लावलेली. कडब्याचं बुजगावणं करून ते तिच्यात गुंडाळलं. रोज सकाळी त्या कवड्यांच्या पदरानं पिल्लाला फटके द्यायचे, आणि चिडून त्यानं बुजगावण्याचे लचके तोडले, की मगच भाकरी. तांड्यावरचं माणूस कसं ओळखायचं, याचं हे शिक्षण!

त्याची बायको गोजराबाई एकदा न राहवून म्हणाली, "कायले त्या मुक्या जिवाच्या मनात जहर कालवून राह्यले? तांड्यावरची हिरीबाई वीस वर्सं झाली आपल्या वावरात कापूस वेचते. तिनं कधी एक बोंड तरी नेलं का?"

"तुले नायी समजत त्यातलं," उकंडराव म्हणाला, आणि विषय संपला. गोजराबाई मात्र नवरा बाहेर गेला, की चोरून भुऱ्याला ताक-भाकरी घालायची आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवायची.

पौष लागला. भुऱ्या आता वासराएवढा झाला होता. एका दुपारी उकंडरावानं त्याला अंगणात मोकळं सोडलं आणि स्वतः ओट्यावर सुपारी कातरत बसला. तेवढ्यात फाटकातून दोन बाया आत आल्या. एक बोडक्या डोक्याची, आणि तिच्या खांद्यावर रेलून चालणारी दुसरी, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत आरशांच्या ओढणीत गुंडाळलेली. कवड्या वाजल्या आणि भुऱ्या सुटला.

लिहायला लाज वाटते, पण लपवून काय उपयोग? उकंडरावाला त्या क्षणी आनंद झाला. शिकवलेलं फळाला आलं, असं त्याला वाटलं. हाक मारून कुत्र्याला थांबवता आलं असतं. त्यानं मारली नाही.

मग किंकाळी आली. तो आवाज उकंडराव पंचवीस वर्षं ओळखत होता.

ती गोजराबाई होती! भुऱ्यानं तिचा दंड धरला होता. उकंडरावाच्या हातून अडकित्ता पडला. बोडक्या डोक्याच्या बाईनं, म्हणजे हिरीबाईनं, गोजराबाईच्या अंगावरची ओढणी हिसडून लांब भिरकावली. आणि काय सांगावं, कुत्र्यानं बाई सोडली आणि तो कापडावर तुटून पडला. चिंध्या करून परत आला, गोजराबाईचे पाय हुंगले, आणि पोटावर सरपटत कुंई कुंई करू लागला.

"बाईले वावरात हिव भरलं," हिरीबाई जखमेवर पाणी ओतत म्हणाली. "पांघराले काई नोतं. माही ओढणी देली अन् धरून आनलं."

परक्यांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी ती बाई अख्ख्या गावातून बोडक्या डोक्यानं चालत आली होती. उकंडरावाला तिच्याकडे बघवेना. लाजेचा राग झाला, त्यानं कुऱ्हाड उचलली आणि भुऱ्याकडे वळला.

हिरीबाई मध्ये उभी राहिली. "त्याले काहून मारता, पाटील? त्यानं तुमचं आइकलं. तुमच्या बुजगावण्याचं साऱ्या गावाले ठाऊक हाये. त्याले मानूस दिसतच नायी, कापड दिसते."

"सरक बाजूले. मानूस खाणारं जनावर हाये ते."

"ते तुमी केलं. पिल्लू आनलं तवा त्याले बंजारा ठाऊक होता का? पाटील ठाऊक होता का?" तिनं ओढणीच्या चिंध्यांकडे बोट दाखवलं. "त्याले तुमी शिकवलं. तुमाले कोनं शिकवलं?"

उकंडरावानं कुऱ्हाड खाली ठेवली. त्याला बाप आठवला. मुलगा रडला, की 'तांड्यावाले नेतीन तुले' म्हणून घाबरवणारा बाप. तेव्हा त्यानं तांडा पाहिलाही नव्हता. पन्नाशी आली, तरी तांड्यात त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

रिसोडच्या डॉक्टरनं गोजराबाईचा दंड शिवला, सुया टोचल्या. ताप उतरला, ती वाचली. चौथ्या दिवशी उकंडराव दोरीनं भुऱ्याला धरून तांड्याच्या वाटेला लागला. माणसं दिसताच त्या आडदांड जनावरानं शेपूट पोटाशी घेतलं आणि ते मालकाच्या पायांमागे लपून थरथरू लागलं. उकंडराव थक्क झाला. ज्याला तो मर्दानगी समजत होता, ती नुसती भीती होती.

हिरीबाईनं भाकरीचा तुकडा पुढे केला. भुऱ्या गुरगुरला.

"उद्या या," ती म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. एकविसाव्या दिवशी भुऱ्यानं मान लांब करून तिच्या हातातला तुकडा उचलला. उकंडराव तिथंच खाली बसला आणि म्हणाला, "मलेबी दे व एक."

नागरिकहो, द्वेष घेऊन कोणी जन्माला येत नाही, ना पिल्लू, ना पोर. तो आपण घराघरांत भाकरीसोबत भरवतो, आणि मग तो आपल्याच माणसाचा दंड धरतो. शिकवलेलं मोडता येतं. पण त्यासाठी ज्याला आपण भ्यालो, त्याच्या दारापर्यंत आपल्यालाच चालत जावं लागतं.