शिंगासकट

कुराशिना मास्तरांनी मरताना माझ्याकडून एकच वचन घेतलं. "माझा बेस गिटार माझ्यासोबत जाळायचा, शिंगासकट."

जपानमधल्या मात्सुमोतोच्या आमच्या गिटार कारखान्यात, मास्तरांनी घडवलेला तो बेस वाईट दिसतो यावर एकमत होतं. मतभेद होता तो कशासारखा वाईट दिसतो यावर. धडाच्या वरच्या लांब टोकामुळे, म्हणजे शिंगामुळे, रंगखात्याला आजारी बोकड दिसायचा, विक्रीखात्याला वितळलेली चप्पल. डिझाइनचे प्रमुख नागासावा साहेब म्हणायचे, "वरचं शिंग कापा, उद्या कॅटलॉगमध्ये छापतो." मास्तर म्हणायचे, "कापलं तर गळ्यात अडकवल्यावर तोल जाईल." मास्तर निवृत्त झाले तरी हे चालूच होतं. बेस एकच बनला.

अंत्यविधी करणारा मोमोसे शवपेटीशेजारी उभा राहून म्हणाला, "धातू भट्टीत चालत नाही." मी तारा, खुंट्या, पिकअप काढले. दांड्यात लोखंडी सळई असते म्हणून दांडाही काढला. उरलं नुसतं लाकडी धड. ते मास्तरांच्या छातीवर ठेवलं, तर शिंगामुळे झाकण बसेना.

"बघ," नागासावा साहेब हळहळले, "मी आधीपासून सांगतोय."

"साहेब, आज तरी राहू द्या."

"अरे, आज तर सोपं आहे. आज ते नाही म्हणणार नाहीत."

मोमोसेनं अंदाज घेतला. "मास्तरांना कुशीवर वळवलं तर मावेल. पण मग खिडकीतून चेहरा दिसणार नाही. शिंग दिसेल."

आमच्याकडे शेवटचा निरोप झाकणाच्या त्या छोट्या खिडकीतूनच घेतात. करवत माझ्या पिशवीत होती. मी मास्तरांच्या बायकोकडे, तोशिएकाकूंकडे वळलो.

"काकू, कापू का? तुम्हाला चेहरा तरी..."

"गप रे ताकुमा. जन्मभर ह्यांच्या पाठीलाच हाका मारत आलेय मी. तोंड बघायची सवय कुठाय मला? वळवा."

मोमोसेनं आणि मी वळवलं. मास्तर फार हलके झाले होते. त्यांच्यापेक्षा बेस जड लागला.

मग अख्खा कारखाना रांगेनं आला आणि एकेक जण वाकून शिंगाला नमस्कार करून गेला. "किती शांत दिसतायत," विक्रीखात्यातला एक जण सवयीनं बोलून गेला, आणि मग नीट बघून पुढे सरकला. रंगखात्याच्या बाई पुटपुटल्या, "पॉलिश मात्र टिकलंय हं." नागासावा साहेब खूप वेळ उभे राहिले. मान एकदा इकडे कलली, एकदा तिकडे.

"अजूनही जरा लांबच वाटतं," ते म्हणाले आणि रुमालात तोंड खुपसून बाहेर गेले.

शेवटी काकू आल्या, हातात पांढरी शेवंती. खिडकीत बघत राहिल्या.

"ह्या बाजूनं शिंग बरं दिसतं की रे."

"हो, काकू."

"मग ह्यांनी मला ते कायम दुसऱ्या बाजूनंच का दाखवलं?"

मोमोसेनं खाली वाकून खिडकीची झापं लावून घेतली.