उषाताई स्वतः हरल्या

दोन बँकांचं विलीनीकरण झालं आणि शहरातल्या महाराज बाडा चौकातल्या शाखेत एकेका खुर्चीला दोन-दोन माणसं झाली. कोण राहणार, कोणाची उचलबांगडी होणार, हे झोनल साहेबांच्या हातात. साहेब गिळणाऱ्या बँकेचे, हिंदीभाषी. उषाताई महाडिक गिळल्या गेलेल्या.

दोन्हीकडची माणसं मिसळावीत म्हणून साहेबांनी मोबाइलवरच्या गोल्फची स्पर्धा ठेवली. तो त्यांचा आवडता खेळ. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडल्या पडल्या उषाताईही तोच शिकल्या होत्या. खरं मैदान त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. लांबच्या टोल्यांत त्या बेताच्याच. पण भोकाजवळच्या हिरवळीवर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिथे पडद्यावर जाळी उमटते, तिच्यावरून ठिपके वाहतात. ठिपके वाहतील तिकडे उतार. जितके घाईत, तितका तीव्र. ते बघून नेम किती बाजूला धरायचा, चेंडू किती जोरात ढकलायचा, हे ठरवायचं. या ढकलण्याला पट म्हणतात. बाकीचे लगेच बोट सोडत. उषाताई ओढ्याचं पाणी बघावं तसे ठिपके बघत बसत.

अशा त्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि समोर साहेबच.

शाखाधिकारी मानसिंगराव उषाताईंचे जुने सहकारी. त्यांनी उषाताईंना बाजूला घेतलं. बदल्या ठरतायत, गुडघा असा, रोज बसचे धक्के सोसवणार नाहीत, असं आडून आडून सुचवलं. मग स्पष्टच म्हणाले, "एक पट इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? साहेब खूश, तुम्ही बाड्यावरच."

"खेळायला बसले तर खेळेन," उषाताई म्हणाल्या. "नाहीतर बसणारच नाही."

शेवटच्या भोकापर्यंत बरोबरी होती. साहेबांचा चेंडू आत गेला. उषाताईंचा पट लांबचा. आधी चढ, मग डावीकडे उतार. त्यांनी चढापुरता जोर घेतला, नेम उजवीकडे धरला आणि बोट सोडलं. चेंडू चढला, वळला, पण पुरता वळला नाही. भोकाची उजवी कड घासून पुढे गेला. उतार त्यांनी होता त्याहून जास्त धरला होता.

टाळ्या वाजल्या. मानसिंगरावांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच म्हणाले, "समझदारी केलीत."

हरल्याचं त्यांना वाईट वाटलं होतंच. या शब्दाने मात्र अंगाची आग झाली. गुडघ्यावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या.

"सर, एक बात साफ कर दूँ. मुझसे हारने को कहा गया था. मैं उस वजह से नहीं हारी. ढलान पढ़ने में चूक गई. आप जीते हैं, मैंने जिताया नहीं."

कोणी सांगितलं, असं साहेबांनी विचारलं. नाव सांगायला मी उठले नाही, एवढंच त्या बोलल्या. साहेबांनी कप घेतला तो न हसताच.

पंधरवड्यात बसने तास-दीड तासावरच्या डबऱ्याला बदलीचा हुकूम आला. साहेबांना भेटून माफी मागा, होईल काहीतरी, असं मानसिंगराव म्हणाले. कशाची माफी, असं उषाताईंनी विचारलं आणि हुकमाची पोच सही करून दिली.

डबऱ्याच्या बसने पहिल्याच आठवड्यात गुडघा सुजवला. उषाताईंनी रस्त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत साहेबांना खेळाचं आव्हान पाठवून दिलं. बरेच दिवस काही नाही. मग एका दुपारी साहेबांनी ते स्वीकारलं.

तेव्हापासून त्या जिंकल्या कमी, हरल्या जास्त. पण हरलं की फोन खाली ठेवायच्या आधी पुढचं आव्हान त्याच पाठवतात.