डोंगरावरच्या शंखाचा फाटलेला सूर

मी एक जुना शंख आहे. देवघरातला पांढरा, मुठीत मावणारा शंख डोळ्यांपुढे आणू नका. मी जवळजवळ हातभर लांब आहे, अंगावर तपकिरी ठिपके आहेत आणि टोक कापून तिथे पितळेची नळी बसवली आहे. उत्तर जपानमधल्या एका डोंगराच्या पायथ्याशी यात्रेकरूंची धर्मशाळा आहे. तिथल्या कपाटात, चहाच्या डब्यांच्या मागे, मी सहा वर्षं पडून आहे.

मित्रांनो, शंख म्हटलं की लोकांना लगेच पावित्र्य आठवतं. मी तुम्हाला खरं सांगतो. दक्षिणेच्या उबदार समुद्रात होतो तेव्हा मी, म्हणजे माझ्या आत राहणारा जीव, तारामासे जिवंत पकडून सावकाश खायचा. तिथे कसली पूजा आणि कसलं काय! पुढे एका कोळ्याच्या जाळ्यात आम्ही दोघे सापडलो. त्याने आम्हाला उकळत्या पाण्यात टाकलं, आतला जीव आकड्याने ओढून काढला आणि संध्याकाळी कांदापातीबरोबर खाल्ला. आतला गेला, मी उरलो. मला कुणी विचारलं नव्हतं की तुला उरायचं आहे का.

बंदरावरच्या एका कारागिराने माझं टोक करवतीने कापलं, नळी बसवली, लाखेने सांधा बंद केला आणि भोवती लाल दोरीची जाळी विणली. इगाराशी आडनावाच्या एका डोंगरी म्हाताऱ्याने मला विकत घेतलं. त्यांचं घराणं यात्रेकरूंना डोंगरात नेणाऱ्यांचं. अशा म्होरक्याला इथे सेन्दात्सु म्हणतात. मला कमरेला लटकवून म्हातारा कड्यावर चढला तेव्हा मी मनातून धुसफुसत होतो. समुद्रातल्या वस्तूचं डोंगरात काय काम?

मग त्याने मला पहिल्यांदा फुंकलं.

तो सूर दरी ओलांडून गेला. समोरच्या कड्याने तो परत पाठवला. एक हरीण मान वर करून उभं राहिलं, कावळे उडाले, आणि खालून धुकं वर आलं ते थेट माझ्या तोंडात शिरलं. ते गार होतं, ओलं होतं आणि ओळखीचं होतं. त्यात मीठ तेवढं नव्हतं. कधीतरी ते पाणी माझ्याच समुद्रातून उठलेलं असणार आणि ओढ्याने पुन्हा तिथेच जाणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी घरापासून लांब आलोच नव्हतो. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

म्हणून मित्रांनो, माणसं डोंगरात कशासाठी येतात ते मला समजतं. मीही त्यातून गेलो आहे. म्हातारा गेला, त्याचा मुलगा गेला, नातू तोकुजी सेन्दात्सु झाला. सत्तर वर्षं मी दर उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगर चढलो. माझा सूर ऐकला की शेतातली माणसं काम थांबवून वाकून नमस्कार करायची. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आता आमच्या डोंगराचा नियम सांगतो. यात्रेकरू पांढरे कपडे घालतात, आणि ते मेलेल्या माणसाचे कपडे असतात. डोंगरात शिरायचं म्हणजे मरायचं, तीन दिवसांनी खाली यायचं म्हणजे नव्याने जन्मायचं. मेलेल्याला तक्रार नसते. म्हणून त्या तीन दिवसांत नव्या माणसाने एकच शब्द बोलायचा. उकेतामो. 'मी हे स्वीकारलं' असा त्याचा अर्थ. धबधब्याखाली उभा राहा. उकेतामो. जेवण मिळणार नाही. उकेतामो. का आणि कशासाठी हे विचारायचं नाही, आणि नाही म्हणायला तर शब्दच नाही.

मी अनेकांना या एका शब्दाने हलकं झालेलं पाहिलं आहे. दिवसभर घरच्यांवर खेकसणारी माणसं तिसऱ्या दिवशी मुंगीला वाट देताना दिसायची. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण तो सोपा होता, आणि सोप्या गोष्टींवर आम्ही फार विसंबलो.

सहा वर्षांपूर्वी नागुमो-सान आले. वय एकसष्ट, शाळेची बस चालवायचे, त्याच हिवाळ्यात बायको गेली होती. बुटके, गोलमटोल, कुणाला त्रास नको म्हणून दारातसुद्धा अंग चोरून बसणारे. तोकुजींची बायको योशिए धर्मशाळा सांभाळते. तिने चहा ठेवला तेव्हा ते म्हणाले, "माझ्या बायकोला सगळ्या झाडांची नावं यायची. मला फक्त थांब्यांची नावं पाठ. म्हटलं, मेल्यावर तिला भेटलो तर दोन झाडं तरी ओळखता यावीत."

"उद्या मरणारच आहात की!" कोपऱ्यातून ओनोदेरा ओरडला. ओनोदेरा गावातला साके, म्हणजे तांदळाची दारू, विकणारा. दर वर्षी तो रांगेच्या शेवटी चालायचा, मागे पडलेल्यांना सांभाळायला. "पांढरे कपडे घाला, थेट भेट!"

सगळे हसले. नागुमो-सानसुद्धा खूप हसले.

मग टोपली फिरली. मेलेला माणूस बरोबर काही नेत नाही, म्हणून घड्याळं, फोन, पाकिटं सगळं त्यात टाकायचं. नागुमो-सानांनी घड्याळ टाकलं आणि खिशातली एक छोटी डबी हातात घोळवत राहिले.

"काय आहे ते?" योशिएने विचारलं. "औषध का? मग ठेवा जवळ."

"किरकोळ आहे हो. रोजची गोळी."

तोकुजी मला फडक्याने पुसत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला कसली गोळी?"

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं. मी त्यांच्या हातात होतो, मला ठाऊक आहे. पण नागुमो-सानांनी पाठ ताठ केली, आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द उच्चारला, "उकेतामो," आणि डबी टोपलीत टाकली. टाळ्या पडल्या. योशिएने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि टोपली आत नेली.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकेका बुना नावाच्या झाडाखाली बसवलं. ही झाडं मोठी, करड्या सालीची, शेवाळाने माखलेली. नागुमो-सान दुपारपर्यंत हलले नाहीत. मनगटावरून मुंगी चालत होती, तिच्याकडे बघत त्यांनी गाल शेवाळाला टेकवला. मग झाडाला हात लावून कुणाशी तरी बोलावं तसे ओठ हलवत राहिले. तोकुजी त्यांना उठवायला गेले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाला काहीतरी मिळालं होतं. मला पहिल्या दिवशी धुक्यात मिळालं होतं तेच.

"सेन्दात्सु, माझी बायको..." त्यांनी सुरुवात केली.

तोकुजींनी ओठांवर बोट ठेवलं. "शब्द नकोत."

नागुमो-सान हसले. "उकेतामो."

ते काय सांगणार होते, ते आता कुणालाच कळणार नाही.

त्या संध्याकाळी धुरी झाली. खोलीची दारं बंद करून निखाऱ्यांवर मिरची आणि भाताचा कोंडा टाकतात. मेल्यानंतरच्या नरकाची ती चव म्हणायची. सगळेच खोकतात, डोळे गळतात. नागुमो-सान खोकले नाहीत. ते छातीवर मूठ दाबून नुसते बसले होते. तोकुजी नंतर ओनोदेराला म्हणाले, "बघितलंस? पहिल्यांदाच आलेला माणूस, पण कसा स्थिर बसला होता!"

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा चढ होता. साखळी धरून चढायच्या खडकापाशी तोकुजी थांबले. रिवाज असा की तिथे एखाद्या नव्या माणसाला शंख फुंकायला द्यायचा. तो मान त्यांनी नागुमो-सानांना दिला.

त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं. बोटं बर्फासारखी गार आणि घामेजलेली. त्यांनी ओठ लावले, आणि जो श्वास माझ्यात आला तो मी सत्तर वर्षांत कधी चाखला नव्हता. तुटका, उथळ, मध्येच अडकणारा. मित्रांनो, मला बोलता येत नाही. कुणी जे आत देतं तेच मी मोठं करून बाहेर काढतो. मी तो श्वास होता तसा मोठ्याने बाहेर काढला. तो फाटला, घरघरला आणि मध्येच थांबला. याहून स्पष्ट मला सांगता आलं नसतं.

"अहो, हा शंख आहे की सर्दी झालेली गाय?" मागून ओनोदेरा म्हणाला. रांगेत खसखस पिकली.

तोकुजीही हसले. "ओठ नीट लावा, नागुमो-सान. पोटातून फुंका."

"उकेतामो."

आवाज इतका हळू होता की तोकुजींना तो खोल वाटला. ते शेजारच्याला म्हणाले, "बघा, शब्द कसा आतून येतोय." मग त्यांनी विचारलं, "पुढे चढणार ना?"

तुम्हीच सांगा, त्या माणसाने काय म्हणायचं होतं? त्याच्याकडे एकच शब्द होता. तो त्याने दिला.

साखळीच्या मध्यावर ते थांबले, खाली उतरले आणि एका झाडाला टेकून बसले. कुणाची वाट अडू नये म्हणून पाय पोटाशी घेतले. ओनोदेरा पोहोचला तेव्हा ओठ निळे झाले होते. ओनोदेराने छाती दाबायला सुरुवात केली, "अहो नागुमो-सान, बोला हो, काहीही बोला, शिव्या घाला मला!" असं म्हणत तो दाबत राहिला, आणि त्याचा घाम त्या पांढऱ्या कपड्यांवर पडत राहिला.

सगळ्यांचे फोन टोपलीत होते. एक धडधाकट तरुणी खाली धावली. तोकुजींनी मला तोंडाला लावलं आणि गावाच्या दिशेने फुंकत सुटले, ओठ फुटून रक्त येईपर्यंत. पण मदतीचा असा वेगळा सूर कुणी कधी ठरवलाच नव्हता. खाली शेतातल्या माणसांनी तो ऐकला, हातातले विळे खाली ठेवले आणि डोंगराला वाकून नमस्कार केला. यंदाची यात्रा जोरात आहे, असं त्यांना वाटलं. स्ट्रेचर वर यायला दोन तास लागले. त्याचा काही उपयोग नव्हता.

नंतर लोक धर्मशाळेत आले आणि मऊ मऊ बोलले. म्हणाले, पवित्र जागी गेला, डोंगराने त्याला आपल्यात घेतलं, निसर्गाशी एक झाला. मला त्या बोलण्याचा अजून राग येतो. विश्वाशी एक होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्या माणसाला ते आदल्या दुपारी झाडाखाली, जिवंतपणी मिळालं होतं. मेल्याने त्यात काही भर पडली नाही. त्याला ते कुणाला तरी सांगायचं होतं आणि घरी जायचं होतं.

योशिएला टोपलीत ती डबी सापडली. तिने ती नवऱ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "मी त्यांना जवळ ठेवा म्हटलं होतं." त्यानंतर तोकुजींनी मला कपाटात ठेवलं. ते पुन्हा डोंगरात गेले नाहीत. लोक समजूत घालायला यायचे, ते फक्त चहा द्यायचे.

वर्षभराने नागुमो-सानांची मुलगी आली. तिचं नाव कानाए. ती रडली नाही, आरडाओरडाही केला नाही. जेवणाच्या मेजापाशी बसून तिने विचारलं, "मला सगळं सांगा. काही वगळू नका."

तोकुजींनी मला कपाटातून काढून मेजावर ठेवलं. मग त्यांनी सांगितलं. गोळीची चेष्टा सांगितली, धुरी सांगितली. "त्यांनी हा शंख फुंकला, तेव्हा सूर फाटला. बेचाळीस वर्षं मी हा शंख ऐकतोय. असा फाटलेला सूर कधी ऐकला नव्हता. आणि मी हसलो."

"मग?"

"मग मी विचारलं, पुढे चढणार ना?"

कानाएने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना, की त्यांना नाही म्हणता येणार नाही?"

तोकुजींनी मान खाली घातली. "हो."

"मग विचारलंत कशाला?"

योशिए दारात उभी होती. कानाएच पुन्हा बोलली, अगदी हळू. "मीही विचारलं होतं. फोनवर. म्हटलं, बाबा, जाऊन या, मन रमेल, जाल ना? ते 'बरं' म्हणाले. ते जन्मभर 'बरं'च म्हणत आले हो." मग ती रडली, आणि योशिए तिच्याजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, झाडाखाली बसा. धुकं अंगावर घ्या, मुंगीला वाट द्या. हे सगळं विश्व तुमचं आहे आणि तुम्ही त्याचे आहात, हे खरं आहे. त्यासाठीच मी सत्तर वर्षं वाजलो. पण त्या विश्वाचा सगळ्यात जवळचा तुकडा तुमच्या शेजारी श्वास घेत असतो. त्याचा श्वास ऐका. आणि कुणाला काही विचाराल, तर त्याला 'नाही' म्हणायची जागा ठेवून विचारा. जो कधीच नाही म्हणत नाही, त्याला दोनदा विचारा.

जायला निघताना कानाएने मला उचललं आणि ओठ लावले. तिला फुंकता येत नव्हतं. नुसती हवा आत आली आणि बाहेर गेली. मी तिचा तो श्वास लक्ष देऊन ऐकला. तो नीट चालू होता.