डेलमरबुवांचा हिरवा दिवा

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या एल्क फोर्क गावात चमत्कार असो की मयत, लोक ओव्हनमधून काढलेला बटाट्यांचा हॉटडिश घेऊनच येतात. त्या शनिवारी दुपारी डॉक्टर क्रेस्टन यांच्या दवाखान्यात असे नऊ-दहा हॉटडिश आले होते, त्यावरून गर्दीचा अंदाज यावा. बाहेर तळं गोठलेलं, आत माणसं कोट काढून खांद्याला खांदा लावून उभी, आणि सगळ्यांची नजर एका डब्यावर.

डबा डिस्कांचा, म्हणजे संगणकातला मजकूर साठवणाऱ्या फिरत्या तबकड्यांचा. दवाखान्याच्या सर्व्हरला जाड केबलने थेट जोडलेला. डॉक्टर वाचेचे आजार बघतात. ज्यांची जीभ हळूहळू लुळी पडणार आहे त्यांचे आवाज ते आधीच या डब्यात नोंदवून ठेवतात. पुढे वाचा गेली की टाईप केलेलं वाक्य यंत्र त्या माणसाच्याच आवाजात बोलतं. ऑरिन स्कोग्स्टाडने, जन्मभर लोखंडाच्या खाणीवर मालगाडी चालवलेल्या आमच्या ऑरिनने, उन्हाळाभर इथे बसून वाक्यं वाचली होती. आता त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याचं यंत्र पुढच्या आठवड्यात तयार व्हायचं होतं. आणि डब्यातल्या एका डिस्कचा दिवा लाल झाला होता.

म्हणून ब्रदर डेलमर आले होते. मी त्यांना मनातल्या मनात डेलमरबुवा म्हणतो. पांढरी दाढी, कानटोपी, आणि आजारी डिस्कांवर हात फिरवून त्यांना उठवण्याचं दैवी सामर्थ्य. शरद ऋतूत त्यांनी हाच डबा एकदा बरा केला होता. तेव्हापासून डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या: केबलवर बुवांचं तांब्याचं कडं चढवलं आणि दर शुक्रवारी सगळ्या नोंदींची दुसरी प्रत घरी नेणं बंद केलं. बऱ्या झालेल्या डब्यावर अविश्वास कशाला दाखवायचा?

"पृथ्वी फिरते, आकाशगंगा फिरतात, डिस्कही फिरते," बुवा डोळे मिटून सांगत होते. "फिरणारं मरत नसतं, दमतं. कंपनीवाले म्हणतात नवी घ्या. आईला ताप आला तर नवी आई घेता का?"

पुढच्या ओळीतल्या दोघी रडल्या.

ऑरिनच्या चाकाच्या खुर्चीमागे त्याची बायको आर्व्हिला उभी होती. तिने शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलंय, की निम्मा गाव तिला अजून बाई म्हणतो. तिने हरणाच्या कातड्याचे आपले जाड हातमोजे पुढे केले.

"ब्रदर, हे घालून करा."

"शक्तीला कातडं अडवत नाही, बाई," बुवा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी हातमोज्यांची जाडी पाहिली.

बुवांनी मोजे घातले, डिस्कचा खास सूर गुणगुणला, डबा चोळला, कुरवाळला, दोनदा थोपटला. दिवा लालच. "प्रयत्न छान होता," मागून कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे याहून कडक टीका करत नाहीत.

मग बाई वर्गात बोलायच्या तशा बोलल्या. डिस्कपुढे छोटा खटका आहे. हात फिरवताना बुवा तो बोटाने दाबतात, डिस्क जरा ओढतात आणि परत आत ढकलतात. डब्याला वाटतं नवी डिस्क आली. तो बाकीच्या डिस्का वाचून हिचा मजकूर पुन्हा काढायला लागतो. पाच आकड्यांची बेरीज आणि चार आकडे माहीत असले की पाचवा काढता येतो, तसं. दिवा हिरवा होतो. मजकूर कुठे गेलेलाच नव्हता, आणि डिस्क होती तेवढीच आजारी राहते.

"एक आकडा हरवला तर काढता येतो," बाई म्हणाल्या. "दोन हरवले तर नाही. बाकीच्या डिस्का हिच्याच वयाच्या आहेत, या वाचनाच्या ताणाने त्यातली एखादी जाईल. डॉक्टर, आत्ता कुणाला हात लावू देऊ नका. आधी ऑरिनचा आवाज दुसरीकडे उतरवून घ्या."

सगळ्यांना समजलं. मी तोंडं बघत होतो, समजलेलं दिसत होतं. पण बुवांचे डोळे पाणावले होते, आणि आलेल्या पाहुण्याला खोटं पाडून परत पाठवणं एल्क फोर्कच्या रक्तात नाही. डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले, "एकदा मोजे काढून करू द्यावं का, बाई? इतक्या लांबून आलेत."

बाई डब्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी अतिशय आदराने त्यांना कोपराला धरून बाजूला नेलं आणि हातात कॉफी दिली.

बुवांनी हात फिरवला. दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच डब्यातून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला, शेजारचा दिवा लाल झाला, आणि सर्व्हरने कळवलं की त्याला डब्यात काहीही दिसत नाही.

शहरातल्या जाणकारांकडे डबा पाठवला. हाती काही लागलं नाही. बुवांनी निदान केलं की खोलीत एका व्यक्तीच्या मनात संशय होता, त्याने डिस्क दचकली. हे सगळ्यांना पटलं. गावाने बाईंना मोठ्या मनाने माफ केलं, माफीचे हॉटडिश घरपोच केले. बुवांना पुढच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या बँकेने बोलावलंय.

माझ्या सांगण्याने कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही, तरी सांगतो. हिरवा दिवा म्हणजे फक्त दिवा. डबा कितीही शहाणा असला तरी एकच डबा असतो. जे परत मिळणार नाही त्याची प्रत दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याला हातमोजे द्या. तो रडला तरी काढू देऊ नका.

ऑरिनला शेवटी कारखान्यातला तयार आवाज बसवला, कुणा तरुण निवेदकाचा. पहिल्या दिवशी बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "आर्व्हिला, कॉफी आहे का गं?" त्याने विचारलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून.